आधी कोण?

[पडद्यावर: आकड्यांची लिस्ट क्षणात क्रमाने लागते.]

आकड्यांची लिस्ट मशीन मुकाट्याने लावून देतं. शब्दांचीही लावतं. आता आपला स्वतःचा एक क्लास, म्हणजे माहितीचा साचा, घेऊ, 'कर्मचारी'. नाव, विभाग, रुजू झाल्याचं वर्ष. या साच्यातून काढलेले हजार ऑब्जेक्ट, म्हणजे हजार कर्मचाऱ्यांच्या नोंदी, लिस्टमध्ये भरू आणि म्हणू, कर सॉर्ट, लाव क्रमाने.

जावा या प्रोग्रामिंग भाषेत कंपायलर, म्हणजे चालवण्याआधी कोड तपासून मशीनसाठी तयार करणारा प्रोग्राम, तिथेच अडवतो. सी-शार्प या दुसऱ्या भाषेत कोड बिनतक्रार कंपाइल होतो आणि चालवल्यावर एक्सेप्शन येतं, म्हणजे चुकीची सूचना देऊन काम थांबतं. अडचण दोघांची एकच. दोन कर्मचारी समोर उभे केले तर आधी कोण, हे कुणी सांगितलेलंच नाही.

सांगायच्या जागा दोन. क्लासला कम्पेरेबल, म्हणजे तुलना करता येण्याजोगा, करून तुलनेची मेथड (तुलना करणारा कोड) त्याच्यातच लिहायची, नाहीतर तुलना करणारा वेगळा कम्पॅरेटर बाहेर ठेवायचा. पहिल्या वाटेने क्रम एकच मिळतो, दुसरीने हवे तेवढे. तारखेला स्वतःचा असा क्रम असतो, कर्मचाऱ्याला कुठला? अशा क्लासला कम्पॅरेटरच बरा.

२००४ साली जावा ५ मध्ये जनरिक्स आले, म्हणजे लिस्टमध्ये किंवा तुलनेत कुठल्या प्रकारचे ऑब्जेक्ट येणार हे कोडमध्येच लिहायची सोय. त्याआधी तुलनेच्या मेथडला नुसते 'ऑब्जेक्ट' मिळायचे. ते कास्ट करून घ्यायचे, म्हणजे हा अमुक प्रकारचाच आहे असं आपण ठरवून टाकायचं, आणि भलताच प्रकार निघाला तर प्रोग्राम चालता चालता कोसळायचा. आता प्रकार जुळतो का, हे कंपायलर आधीच बघतो. तुलना खरी आहे का, हे मात्र तो बघत नाही.

[पडद्यावर: तुलनेची मेथड, एकच ओळ, एक वजाबाकी.]

तुलनेचं उत्तर एका आकड्यात द्यायचं असतं. ऋण म्हणजे पहिला आधी, धन म्हणजे नंतर, शून्य म्हणजे दोघे बरोबरीचे. मग पहिल्यातून दुसऱ्याची सरळ वजाबाकीच का करू नये? वर्षांसाठी चालून जातं. पण एक किंमत २०० कोटी आणि दुसरी उणे २०० कोटी असली, तर उत्तर हवं ४०० कोटी. ३२ बिटांच्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकासाठी ठरलेल्या जागेत, मावतं फक्त २,१४,७४,८३,६४७ पर्यंत. हाती येतं उणे २९,४९,६७,२९६. मोठा आकडा लहान ठरला, आणि एररही नाही.

दुसरी चूक याहून साधी. पहिला मोठा असेल तर उत्तर एक, नाहीतर उणे एक. शून्याचा पत्ताच नाही. मग एकाच वर्षी रुजू झालेल्या दोघांपैकी ज्याला आधी विचारावं, तो म्हणतो, मीच पुढे.

जावाची क्रम लावायची जुनी पद्धत, मर्ज सॉर्ट, असला खोटेपणा पचवून टाकायची. २०११ मध्ये जावा ७ ने ऑब्जेक्टसाठी टिमसॉर्ट ही दुसरी पद्धत घेतली. टिम पीटर्स यांनी ती २००२ साली पायथन भाषेसाठी लिहिली होती. लिस्टमध्ये आधीच क्रमाने असलेले तुकडे ती हेरते आणि जोडत जाते. जोडताना उत्तरांत विसंगती सापडली, की एक्सेप्शन: तुलनेच्या मेथडने करार मोडला. वर्षानुवर्षं चाललेले प्रोग्राम नुसतं व्हर्जन बदलल्यावर अडले, ते यामुळे. जुनी सॉर्ट परत आणायची सेटिंगही दिलेली आहे. तिने तक्रार थांबते, क्रम चुकीचा तो चुकीचाच.

यात एक खोच आहे. ३२ पेक्षा कमी ऑब्जेक्ट असतील तर टिमसॉर्ट तुकडे जोडायच्या भानगडीतच पडत नाही, एकेक ऑब्जेक्ट योग्य जागी घालत जाणाऱ्या इन्सर्शन सॉर्टने काम उरकते. ही तपासणी त्या वाटेवर नाहीच. म्हणून दहा नोंदींची टेस्ट हिरवी, म्हणजे पास, दिसते आणि खऱ्या डेटावर प्रोग्राम आपटतो. कम्पॅरेटरची टेस्ट लिहायची तर त्यालाच थेट विचारावं: अ आणि ब, मग ब आणि अ. चिन्ह उलटलं पाहिजे.

[पडद्यावर: एकाच विभागातली नावं जागा बदलतात.]

राहिले बरोबरीचे. जावात ऑब्जेक्टची सॉर्ट स्टेबल असते, म्हणजे बरोबरीच्यांचा आधीचा क्रम टिकतो. नावाने लावून मग विभागाने लावलं, तर विभागात नावं क्रमानेच राहतात. सी-शार्पच्या लिस्टची सॉर्ट ही हमी देत नाही. तिथे ऑर्डर-बाय आणि त्यापुढे देन-बाय वापरावं. जावा ८ पासून कम्पॅरेटरलाही देन-कम्पेअरिंग जोडता येतं. आधी विभाग, मग नाव, एका ओळीत.