गुठळी, तास आणि दिवस

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली फाटलेली रक्तवाहिनी]

रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटतं आणि त्याखालचं कोलॅजन हे तंतुमय प्रथिन उघडं पडतं. पुढचं सगळं सेकंदांत सुरू होतं. व्हॉन विलेब्रांड फॅक्टर हे लांबलचक प्रथिन कोलॅजनला चिकटतं आणि धावत्या रक्तातल्या प्लेटलेट त्याला धरून थांबतात. थांबलेली प्लेटलेट गप्प बसत नाही. थ्रॉम्बॉक्सेन आणि एडीपी ही रसायनं सोडून ती आसपासच्या प्लेटलेटना बोलावते. तिकडे यकृतात बनलेले आणि एरवी रक्तात निमूट फिरणारे गोठणघटक, म्हणजे रक्त गोठवणारी प्रथिनं, एकमेकांना जागं करत जातात. शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं. ते फायब्रिनचे तंतू विणवतं, आणि प्लेटलेटचा ढिला गोळा त्या जाळीत घट्ट बसतो. हीच गुठळी.

काही मिनिटांचा खेळ. पण त्यात ढवळाढवळ करणारी औषधं आणि संप्रेरकं मिनिटांच्या हिशेबाने चालत नाहीत. कुणाचा असर तासांचा, कुणाचा दिवसांचा, कुणाचा महिन्यांचा. डॉक्टर पुन्हा पुन्हा ‘शेवटची गोळी कधी घेतली?’ असं विचारतात, ते याचसाठी.

[दृश्य: अस्थिमज्जेतली महाकाय पेशी, तिच्यापासून तुटणारे तुकडे]

प्लेटलेट ही धड पूर्ण पेशीसुद्धा नाही. अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशीचा तो तुटलेला तुकडा. रक्त थांबवण्यात या तुकड्यांचा हात असतो, हे इटलीच्या ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये दाखवलं. एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. आयुष्य सात ते दहा दिवसांचं. आणि केंद्रक नाही.

केंद्रक नसणं ही बारीकशी गोष्ट वाटते, पण ॲस्पिरिनचं सगळं कर्तृत्व तिच्यावर उभं आहे. थ्रॉम्बॉक्सेन बनवायला लागणारं कॉक्स-१ हे विकर (एन्झाइम) ॲस्पिरिन कायमचं निकामी करतं. दुसरी एखादी पेशी असती, तर तिने नवं विकर बनवून घेतलं असतं. प्लेटलेटला ते जमत नाही. औषध काही तासांत रक्तातून नाहीसं होतं, पण त्याच्या तावडीत सापडलेली प्लेटलेट मरेपर्यंत तशीच फिरते. म्हणून रिपोर्टमध्ये प्लेटलेटची संख्या अगदी व्यवस्थित असूनही रक्त थांबायला वेळ लागू शकतो. संख्या मोजली जाते, कामाची कुवत नाही.

आयबुप्रोफेनसुद्धा याच विकरावर जाऊन बसतं, पण काही तासांनी उठतं. गंमत अशी, की ते आधी जाऊन बसलं तर ॲस्पिरिनला जागाच मिळत नाही. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्याने अंगदुखीची गोळी परस्पर घेऊ नये, त्यामागचं हे एक कारण.

[दृश्य: बर्फात उभी जुनी मोटार, मागे दुधाचा कॅन]

अमेरिकेतलं विस्कॉन्सिन, १९३३ चा हिवाळा. एक शेतकरी मेलेली कालवड, बुरशी लागलेला चारा आणि कॅनभर न गोठलेलं रक्त घेऊन जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. तो चारा खाऊन त्याची जनावरं रक्तस्रावाने मरत होती. चाऱ्यातला दोषी पदार्थ शोधायला लिंक यांच्या चमूला काही वर्षं लागली. त्याच घराण्यातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी, रक्त गोठू न देणारं औषध म्हणून, मंजूर झालं.

वॉरफरिन प्लेटलेटच्या वाटेला जात नाही. ते यकृतात जीवनसत्त्व ‘के’चं काम अडवतं, त्यामुळे गोठणघटक २, ७, ९ आणि १० अर्धवट बनतात. मात्र आधी बनलेला साठा रक्तात असतोच. सातवा घटक काही तासांत ओसरतो. दुसरा, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन, निम्मा व्हायलाच अडीच दिवसांच्या आसपास घेतो. गोळी आज सुरू केली तरी पुरतं संरक्षण चार-पाच दिवसांनी मिळतं. म्हणून पायात ताजी गुठळी असेल, तर सुरुवातीचे दिवस लगेच काम करणारं हेपॅरिनचं इंजेक्शन सोबत चालतं. अपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या काही तासांत लागू पडतात. पण त्या तितक्याच लवकर उतरतातही, तेव्हा चुकलेला डोस तिथे जास्त महागात पडतो.

[दृश्य: गोळीचं पाकीट, मग यकृताकडे जाणारा रक्तप्रवाह]

इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची चाल वेगळी. गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन पोटातून थेट यकृतात पोचतं. तिथे फायब्रिनोजेन (फायब्रिनचा कच्चा माल) आणि काही गोठणघटक जास्त बनू लागतात, तर गोठण्याला लगाम घालणारं प्रोटीन एस कमी होतं. अमेरिकेत ही गोळी १९६० मध्ये मंजूर झाली. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधून, ती घेणाऱ्या एका नर्सच्या फुप्फुसात गुठळी अडकल्याची नोंद आली. त्या काळच्या गोळीत दीडशे मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन असे. आज बहुतेक गोळ्यांत वीस ते पस्तीस असतं. धोका पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत, सर्वाधिक. रजोनिवृत्तीनंतर त्वचेवरच्या पट्टीतून दिलेलं इस्ट्रोजेन यकृताला आधी गाठत नाही, म्हणून तिथे धोका बराच कमी दिसतो.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. आकडे शेजारी ठेवून बघा. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला एक ते पाच जणींना गुठळी होते. गोळी घेणाऱ्यांत तीन ते नऊ. गरोदरपणात पाच ते वीस. आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हाच दर चाळीस ते पासष्टपर्यंत चढतो. बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी शरीर महिनोन्‌महिने तयारी करत असतं, आणि बाळ जन्मलं म्हणून ती तयारी त्याच दिवशी उतरत नाही.

गरोदरपणात गुठळी झालीच, तर वॉरफरिन शक्यतो टाळतात. ते वारेतून पलीकडे जाऊन गर्भाला इजा करू शकतं. हेपॅरिनचा रेणू मोठा असल्याने अलीकडेच अडतो, म्हणून रोजची इंजेक्शनं. प्रसूतीची तारीख ठरलेली असेल तर हेपॅरिनचा उपचाराचा डोस चोवीस तास आधी थांबवतात, म्हणजे पाठीत भुलीची सुई देता येते. प्रसूतीनंतर रक्तस्राव आटोक्यात आला की हेपॅरिन पुन्हा सुरू करतात. आता वॉरफरिनही चालतं, बाळ अंगावर पीत असलं तरी. हा उपचार बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे चालू राहतो.