साडेपाचचं जेवण

(नाशिकमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या पालकांच्या एका मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. रविवारची सकाळ आहे, तुमच्यातले बरेच जण मिसळ खाऊन आले असणार, म्हणून मी खाण्यापासूनच सुरुवात करते.

माझा थोरला भाऊ आज ५७ वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक अक्षमता आहे. मी त्याला दादाच म्हणते, जरी त्याच्या शर्टाची बटणं आजही कुणीतरी लावून द्यावी लागतात. आई गेली, एकट्या वडिलांना झेपेना, तेव्हा आम्ही त्याच्यासाठी निवासी संस्था शोधायला लागलो. शहराबाहेर, द्राक्षबागांच्या पलीकडे एक पाहिली. चकचकीत फरशी, भिंतींवर चित्रं, पलंगांवर एकसारख्या चादरी, अंगणात तुळशीवृंदावन. वडील खूश झाले. निघता निघता मी स्वयंपाकघरात डोकावले. पावणेसहा वाजले होते आणि ताटांचा ढीग घासायला पडला होता. ‘एवढ्यात जेवणं झाली?’ म्हटलं, तर तिथल्या मावशी म्हणाल्या, ‘रोज साडेपाचलाच होतात ना ताई. स्वयंपाकाच्या बाईंची सहाची बस असते.’

म्हणजे चाळीसेक मोठी माणसं बाहेर लख्ख ऊन असताना रात्रीचं जेवत होती. सातला दिवे मालवायचे, नाश्ता सकाळी आठला. मधले साडेचौदा तास पोटात काही नाही. त्या बाईंना मी दोष देत नाही, त्यांच्या घरीही लेकरं वाट बघत असतील. पण चाळीस माणसांचा दिवस एका बसच्या वेळेवर बेतलाय आणि त्यात काही चुकतंय असं तिथे कुणालाच वाटत नव्हतं. खरं सांगते, त्या दिवशी मलाही पुरतं वाटलं नाही. आम्ही दादाला तिथेच ठेवलं. वडील थकले होते आणि फरशी स्वच्छ होती.

बेंग्ट निर्ये नावाचे एक स्वीडिश गृहस्थ होते. तिथल्या पालकांच्याच संघटनेत काम करायचे. म्हणजे आपल्यातलेच म्हणा. १९६९ मध्ये त्यांनी एक अगदी साधी गोष्ट मांडली : बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाचा दिवस, आठवडा आणि वर्ष यांची लय चारचौघांसारखीच असली पाहिजे. उठायची, जेवायची, झोपायची वेळ चारचौघांची. राहायची जागा एक, दिवसभराच्या कामाची दुसरी. आठवड्यात सुट्टीचा वार वेगळा कळला पाहिजे, वर्षात सणवार कळले पाहिजेत. यात न कळण्यासारखं काय आहे? पण तुम्ही पाहिलेल्या संस्था आठवून बघा. जिथे झोपायचं तिथेच बसायचं, तिथेच मणी ओवायचे, तिथेच जेवायचं. सोमवार आणि रविवार सारखेच. आपल्या नाशकात रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उड्या पडतात, अख्खं गाव भिजतं, आणि संस्थेत त्या दिवशी फाटकाला कुलूप असतं, कारण ‘मुलांना रंगाचा त्रास होतो’.

‘मुलं’ हा शब्दही तसलाच. पन्नाशी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला आपण मुलगा म्हणतो. मीही म्हणते, जिभेला वळण पडलंय. पण मूल म्हटलं की त्याला विचारायचं नसतं, त्याचं ठरवायचं असतं.

दादाची हकिगत पुढे सांगते, कारण त्यातून मी जे शिकले ते कुठल्या प्रशिक्षणात शिकले नसते. तिथे राहायला जाऊन वर्ष झालं आणि तो स्वतःच्या गालावर थापडा मारून घ्यायला लागला. जोरात, गाल लाल होईपर्यंत. संस्थेने डॉक्टरांकडे नेलं, ‘वर्तन समस्या’ असं कागदावर आलं आणि गोळी सुरू झाली. थापडा कमी झाल्या, कारण तो दिवसभर झोपायला लागला. वजन वाढलं, तोंडातून लाळ गळायला लागली. आम्हाला फोनवर सांगत, ‘आता शांत असतो.’ दिवाळीला घरी आणला. चकली म्हणजे दादाचा जीव. त्याने चकली हातात घेतली, तोंडापर्यंत नेली आणि ठेवून दिली. तीनदा असं झालं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. मागची दाढ किडून आत पू झाला होता. दाढ काढली, चार दिवसांत थापडा बंद. गोळी बंद करायला मात्र पुढे आठ महिने लागले, कारण ती हळूहळूच उतरवावी लागते.

ज्याला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही, तो ते हातापायांनी म्हणतो. दाढ, कान, बद्धकोष्ठ, पाळीच्या आधीचं पोटात दुखणं, डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइड. आधी हे सगळं तपासायचं, गोळीचा विचार त्यानंतर. हे दुखणं काही फक्त आपल्याकडचं नाही. ब्रिटनमध्ये अशा व्यक्तींना मनोविकारांच्या गोळ्या विनाकारण दिल्या जातात म्हणून २०१६ पासून तिथल्या आरोग्यसेवेला खास मोहीम चालवावी लागली. संस्था बघायला जाल तेव्हा जरूर विचारा : इथल्या किती जणांना अशा गोळ्या चालू आहेत, आणि दाताच्या डॉक्टरांनी शेवटचं कधी पाहिलं? उत्तर तोंडपाठ नसेल तर वही मागा. वहीच नसेल तर उत्तर मिळालंच.

बायकांबद्दल बोलायला हवं, आणि इथे आवाज खाली आणून बोलायची आपली पद्धत मला मान्य नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढली गेली. कारण दिलं गेलं स्वच्छतेचं : त्यांना पाळी सांभाळता येत नाही. महिला संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा ते थांबलं. पाळी सांभाळायला शिकवणं हे काम आहे. चित्रं लावून, आधी हातात हात धरून, मग नुसतं शेजारी उभं राहून, महिन्यामागून महिने करायचं काम. विशेष शिक्षक ते करतात, कित्येक मुली शिकतात. पण त्याला माणूस लागतो, धीर लागतो. शस्त्रक्रियेला एक सकाळ पुरते. पुन्हा तेच, सोय कुणाची? २००९ मध्ये चंदीगडच्या सरकारी आश्रयगृहातल्या एका तरुणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिची संमती नसताना तिचा गर्भपात करता येणार नाही. तिला मूल हवं होतं. हे ऐकताना इथल्या काही चेहऱ्यांवर आठ्या पडल्यात, मला दिसतायत. माझ्याही पडल्या होत्या.

आता मावशी. संस्था चालते ती मावशींवर, अध्यक्षांवर नाही. बारा तासांची पाळी, तुटपुंजा पगार, रात्री एका मजल्याला एकटी बाई, आणि फिट आली तर कुशीवर कसं वळवायचं हे कुणी दाखवलेलं नसतं. मग ती वर्षभरात सोडून जाते. नवी येते, तिला माहीत नसतं की अमुक जण पंखा बंद झाला की घाबरतो, तमुकला पाणी स्टीलच्याच पेल्यातून लागतं. ही माहिती कागदावर नसते, मावशीबरोबर जाते. इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठातले प्राध्यापक जिम मॅन्सेल यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं. नुसती छोटी, छान इमारत बांधून आणि कर्मचारी वाढवून आयुष्य सुधारत नाही, कर्मचारी मदत कशी करतात त्यावर ते ठरतं, असा त्यांच्या कामाचा निष्कर्ष. मावशी पोळी लाटतायत आणि दादा खुर्चीत बसलाय, ही एक तऱ्हा. मावशींनी कणकेचा गोळा त्याच्या हातात दिलाय, पोळी वेडीवाकडी होतेय, स्वयंपाकाला वीस मिनिटं जास्त लागतायत, ही दुसरी. दुसरीसाठी मावशीला ती वीस मिनिटं आपण द्यावी लागतात. ओरडा न खाता.

वाढदिवसाच्या देणग्यांबद्दल बोलू का? बोलतेच. शहरातली कुटुंबं आपल्या बाळाचा वाढदिवस करायला संस्थेत येतात. मन चांगलं असतं, त्याबद्दल शंका नाही. पण महिन्यात दहा वेळा केक, दहा वेळा अनोळखी बाळासाठी टाळ्या, दहा वेळा फोटो. आणि ज्याने टाळ्या वाजवल्या त्याचा स्वतःचा वाढदिवस कधी? अनेकांच्या कागदावर १ जूनच असतो. देणगी द्यायची तर एखाद्या मावशीचा वर्षाचा पगार द्या, म्हणते मी. त्याचा फोटो चांगला येत नाही, एवढीच अडचण.

जागेचं म्हणाल तर संस्था गावाबाहेर असतात, कारण जमीन तिथे परवडते. पण गावाबाहेर म्हणजे नजरेबाहेर. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात २०११ मध्ये बीबीसीने छुपा कॅमेरा नेला, तेव्हा कर्मचारी रुग्णांना मारत होते. तपासणी करणारी सरकारी यंत्रणा होती, तिथल्याच एका नर्सने आधी तक्रारही केली होती. तरी कॅमेरा जाईपर्यंत काही हललं नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला ज्याला नावाने ओळखतो, त्याच्या डोळ्याखाली काळंनिळं दिसलं तर किराणावाला विचारतो. अधिकारी वर्षातून एकदा येतो आणि कळवून येतो. म्हणून सिटीलिंक बसचा थांबा चालत गाठता येतो का, बुधवारच्या बाजाराला यांना कुणी नेतं का, हे मी नोंदणी प्रमाणपत्राइतकंच महत्त्वाचं मानते.

प्रमाणपत्र बघायचंच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संस्थांना नोंदणी सक्तीची केली आहे, आणि त्याच कायद्याचं पाचवं कलम दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क देतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, पालकत्व त्या समितीकडून घ्यावं लागतं. अजून अर्ज केला नसेल तर उद्याच करा. याच न्यासाच्या निरामय योजनेत लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे, तो अर्जही बरोबरच उरकून टाका.

अठरा म्हटलं की अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर आठवतात. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बेवारस दिव्यांग मुलांच्या कागदांवर त्यांनी वडील म्हणून स्वतःचं नाव लावलं, आणि अठरा झाल्यावर या मुलांनी जायचं कुठे, हा प्रश्न सरकारला वर्षानुवर्षं विचारत राहिले. आपल्या नाशकात रजनीताई लिमयांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी ही विशेष शाळा सुरू केली, त्यामुळे शाळेचा प्रश्न इथे लवकर हाती घेतला गेला. शाळेनंतरच्या चाळीस वर्षांचा प्रश्न अजून प्रत्येक घरात रात्री जागा असतो. ‘आमच्यानंतर काय?’ हे वाक्य न बोलता झोपलेला पालक या सभागृहात नसेल.

दादा आता गावातच राहतो, सहा जणांच्या एका घरात. ते घरही काही आदर्श नाही. गेल्या पावसाळ्यात छत गळत होतं, आणि एका मावशींचं नि माझं अजून पटत नाही. जेवण मात्र आठला होतं. बाई संध्याकाळी भाजी-पोळी करून जातात, भाजी गरम करायचं काम दादा आणि त्याचा खोलीतला मित्र करतात. कधी कधी करपते.

परवा सहा वाजता मी फोन केला. मावशी म्हणाल्या, ‘ते घरी नाहीयेत.’ माझ्या पोटात गोळा आला. ‘कुठे गेलाय?’ ‘टपरीवर, चहा प्यायला. समोरच आहेत, दिसतायत मला इथून.’ मी म्हटलं, बोलवा ना जरा. त्या म्हणाल्या, ‘चहा संपला की येतील. मग लावू का फोन?’