थुंकीतील तांबूस रेघ

रत्नागिरी जिल्ह्यात, किनाऱ्यालगतच्या एका घराच्या मागील दारी उकिडवी बसलेली आजी पत्र्याच्या डबीतून चिमूटभर काळी पूड तर्जनीवर घेते आणि दातांपेक्षा हिरड्यांवरच ती अधिक वेळ फिरवते. ही मशेरी, म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. घरच्या तव्यापर्यंत मात्र ती बंदी पोहोचणार तरी कशी?

चूळ भरताना रक्ताची रेघ दिसली की घरोघरी निदान ठरलेले असते : अंगात उष्णता वाढली, कोकम सरबत घ्या. वास्तविक दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर रोज साचणारा जिवाणूंचा चिकट थर निघाला नाही, तर हिरडी सुजते आणि ब्रश हलकेच लागला तरी रक्त येते. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे थांबवायला सांगितले, तेव्हा १० ते २१ दिवसांत सर्वांच्याच हिरड्या सुजल्या आणि सफाई सुरू होताच ती सूज ओसरली. म्हणूनच रक्त येते ती जागा सोडून घासणे, ही आपली नेहमीची सवय अगदी उलटी आहे. मऊ ब्रश ४५ अंशांत कलता धरून तिथेच फिरवायला हवा.

हाच थर लाळेतील क्षारांनी घट्ट झाला की कीटण होते. खडकाला धरलेली कालवे जशी हाताने सुटत नाहीत, तसे तेही ब्रशने सुटत नाही. दंतवैद्यालाच ते काढावे लागते. या सफाईने दात हलू लागतात, असे म्हणतात. खरे तर दात आधीच सैल झालेला असतो, कीटण निघाल्यावर ते जाणवते, इतकेच.

निरोगी हिरडी आणि दात यांच्यातील फट १ ते ३ मिलिमीटर असते. सूज मुळाकडे पसरून दाताभोवतीचे हाड झिजू लागले की ही फट खोल होते, ब्रश तळापर्यंत पोहोचत नाही आणि झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. हे सारे बहुधा न दुखता घडते. मधुमेह असल्यास ते अधिक वेगाने घडते आणि हिरड्यांची सूज उलट साखरही वाढवते. होडीवर विडी ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून तर आजार असूनही रक्त कमी येते, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. विडी सोडल्यावर काही आठवड्यांत रक्त अधिक दिसू लागले, तर घाबरून पुन्हा विडी पेटवू नये. लपलेला आजार आता दिसू लागलेला असतो आणि दंतवैद्याकडे जाण्याची वेळ तीच.