अर्धी नदी, अर्धी मुलगी

नमस्कार श्रोतेहो!

डार्क फँटसी, म्हणजे काळोख्या वळणाच्या अद्भुतकथा, म्हटलं की हल्ली एक नायिका हटकून भेटते. हातात शापित तलवार, मनात कुणाचा तरी जीव घ्यायची प्रतिज्ञा. शेवटच्या प्रकरणात तिला उपरती होते, तलवार गळून पडते आणि सगळी पापं धुऊन निघतात. मला हे फार स्वस्तातलं वाटतं. तिला परत आणायचं, तर परतीची वाट शिल्लक आहे का, हे आधी बघायला नको?

महाभारताच्या उद्योगपर्वातली अंबा घ्या. भीष्मांनी तिला काशीच्या स्वयंवरातून बहिणींसह पळवून नेलं. शाल्व राजाला मनाने वरलंय म्हणाली, तेव्हा जाऊ दिलं. पण दुसऱ्याने जिंकून नेलेली म्हणून शाल्वाने झिडकारलं. तपस्वी म्हणाले, बापाकडे जा. कुठलं तोंड घेऊन जाणार? मग परशुराम तिच्यासाठी आपल्याच शिष्याशी, म्हणजे भीष्मांशी, 23 दिवस लढले आणि त्यांनीही हात टेकले. तेव्हा कुठे भीष्मांना मारायचंच म्हणून ती स्वतः तपाला बसली.

यापुढची कथा कुठल्याही डार्क फँटसीच्या तोंडात मारेल अशी आहे. तिला अडवायला गंगा आली. भीष्मांची आईच ती! अंबा हटेना, तेव्हा गंगेने शाप दिला: पावसाळ्यापुरती वाहणारी, वाकडीतिकडी, मगरींनी भरलेली नदी होशील. पण तपाचं बळ असं की अंबा अर्धीच नदी झाली. अर्धं अंग वाहून गेलं, उरलेलं अर्धं मुलगीच राहिलं आणि पुन्हा तपाला बसलं.

शंकर प्रसन्न झाले. पुढल्या जन्मी पुरुष होशील, भीष्मांना मारशील, आणि हो, हे सगळं तुला आठवत राहील. वर म्हणे! विसरून नव्याने जगायची एक वाट उरली होती, तीही गेली. भीष्मवधाचं नाव घेत तिने यमुनेकाठी चितेत प्रवेश केला.

द्रुपदाच्या घरी ती शिखंडिनी म्हणून जन्मली, पुढे एका यक्षाकडून पुरुषत्व घेऊन शिखंडी झाली. युद्धाच्या दहाव्या दिवशी मुळात स्त्री म्हणून जन्मलेला शिखंडी समोर असल्यामुळे भीष्मांनी त्याच्यावर शस्त्र उचललं नाही. पण त्यांना लोळवलं ते अर्जुनाच्या बाणांनी. कोसळण्याआधी भीष्म स्वतःच म्हणत होते, हे बाण शिखंडीचे नव्हेत.

अठराव्या दिवसानंतरच्या रात्री अश्वत्थाम्याने छावणीत शिरून कापाकापी केली, त्यात शिखंडीही मारला गेला.