धुरावरचा कर आणि एक तऱ्हेवाईक राजा

विषय आहे तंबाखू, निकोटिन आणि कर. करावरच्या व्याख्यानाला एवढी मंडळी जमली, म्हणजे बाहेर ऊन फार असणार.

मी सुरुवात नेहमी एका राजापासून करतो. किस्सा आधी ऐकलेल्यांनी खुशाल डोळे मिटावेत. इंग्लंडचा पहिला जेम्स. तंबाखूचा त्याला मनस्वी तिटकारा. १६०४ साली त्यानं तंबाखूविरुद्ध स्वतः पुस्तिका लिहिली, धूर फुप्फुसांना घातक असं बजावलं. हाताशी ना संशोधन, ना आकडेवारी; नुसतं नाक! पुस्तिका वाचून कोण सुधारतं? (हे मी स्वतःच्या पुस्तिकांच्या अनुभवावरून सांगतो.) मग त्यानं पौंडभर वजनाच्या तंबाखूमागे २ पेन्सांची जकात थेट ६ शिलिंग १० पेन्सांवर नेली. शिलिंगाचे पेन्स १२. करा हिशोब. बरोबर, ४१ पट!

चोरट्या आयातीला ऊत आला, जकात पुष्कळ खाली आणावी लागली आणि पुढं त्याच राजाची तिजोरी तंबाखूच्या उत्पन्नाकडे डोळे लावून बसली. आता माझी तक्रार ऐका. करवाढीचा विषय निघाला की कुणीतरी उठतं आणि म्हणतं, ‘तस्करी वाढेल.’ अहो, राजाचं चुकलं ते नाक्यावर. पाकिटावर कराचा शिक्का नाही, मालाचा माग नाही, बंदरावरचा माणूस खिशात घालता येतो, तिथं कर कमी असला तरी चोरटा माल येतोच. अवैध व्यापाराविरुद्ध आंतरराष्ट्रीय करारच आहे, २०१८ पासून लागू. तो वाचायचा कंटाळा, राजाचा दाखला मात्र तोंडपाठ!

चिठ्ठी आली. तीन मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता पळवतो.

किंमत १० टक्के वाढली की खप साधारण ४ ते ५ टक्के घटतो. तरुणांचा त्याहून जास्त. किरकोळ किमतीत निदान ७५ टक्के कर असावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची कसोटी. नगामागे ठरावीक कर लावलात तर तो महागाईबरोबर वाढवत राहा, नाहीतर दोन-चार वर्षांत त्यातली हवा जाते. आणि सगळ्या प्रकारांवर एकदम लावा. माझा एक मित्र दर करवाढीला ‘सोडतो’ म्हणतो आणि स्वस्तातला ब्रँड धरतो. आता तर सुटी तंबाखू आणून सिगारेट स्वतःच वळतो. बोटं पिवळी, चेहरा विजयी.

ई-सिगारेटचं काय? तिच्यात पान जळत नाही, निकोटिनचा द्रव तापवून त्याची वाफ ओढतात. निकोटिन माणसाला बांधून ठेवतं. मारतो तो मुख्यतः जळत्या पानाचा धूर. म्हणून सिगारेट आणि ई-सिगारेट दोन्हींवर सारखाच कर लावला तर सिगारेट सोडू पाहणारा परत धुराकडे वळतो. पण ई-सिगारेटवर करच नसेल तर कधी न ओढलेला पोरगा खिशातल्या पैशांत नवं व्यसन विकत घेतो. तेव्हा कर दोन्हींवर, सिगारेटवर बराच चढा. औषध म्हणून मिळणारे निकोटिनचे पॅच आणि गम यातून वगळा. आणि द्रवावर नुसता मिलिलिटरनं कर लावू नका. कंपन्या बाटली लहान करतात आणि निकोटिन दाट.

दुसरी चिठ्ठी. बसतो. राजाबद्दल प्रश्न असतील तर बाहेर विचारा, तिथं घड्याळ नाही.