ओळखीच्या फाइली बाजूला काढताना

[दृश्य: फडताळांवर सॉफ्टवेअरची जुनी खोकी, सीडी, डीव्हीडी]

अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात गेथर्सबर्ग इथे 'निस्ट' ही मापं आणि मानकं ठरवणारी सरकारी संस्था आहे. तिची 'नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी' बाजारातली सॉफ्टवेअर जमवते आणि त्यातल्या प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून गणिताने निघणारी ठरावीक लांबीची खूण, काढून यादी प्रसिद्ध करते. सॉफ्टवेअर कोणाला देत नाही, फक्त हॅश देते.

[दृश्य: सील केलेली हार्ड डिस्क]

जप्त केलेल्या डिस्कवर लाखो फाइली असतात. त्यातल्या बऱ्याचशा विंडोजच्या, ऑफिसच्या, ब्राउझरच्या. त्या उघडून बघण्यात तपासनीसाचे दिवस वाया जातात. म्हणून आधी डिस्कची प्रत काढायची, प्रतीवरच्या प्रत्येक फाइलचा हॅश मोजायचा आणि यादीत सापडलेल्या फाइली नजरेआड करायच्या.

हॅश काढायच्या पद्धती वेगवेगळ्या, पण लांबी ठरलेली. फाइल चार केबीची असो वा चार जीबीची, एमडी५ पद्धतीची ३२ अक्षरं, एसएचए-१ची ४० आणि एसएचए-२५६ची ६४. आतला एक बिट बदला, सगळी ओळ बदलते. फाइलचं नाव मात्र या हिशोबात येतच नाही. नोटपॅडला 'सहल.जेपीजी' म्हटलं तरी तो ओळखला जातो. आणि 'एसव्हीसीहोस्ट' हे विंडोजचं नाव लावून बसलेली फाइल यादीत नसेल, तर तिच्याकडे आधी बघायचं.

[दृश्य: इन्स्टॉलर उलगडत जातो]

यादी बनवण्यातला किचकट भाग इथे आहे. नुसत्या इन्स्टॉलरचा, म्हणजे प्रोग्रॅम बसवणाऱ्या फाइलचा, हॅश फारसा कामाचा नाही, कारण डिस्कवर सापडतात त्या त्यातून बाहेर पडलेल्या फाइली. इन्स्टॉलरच्या पोटात कॅब, म्हणजे अनेक फाइली दाबून बांधलेली फाइल, तिच्या पोटात डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमना लागणाऱ्या कोडची फाइल. प्रत्येक थर उघडून मोजावा लागतो. एकच डीएलएल अनेक उत्पादनांत असते, त्यामुळे एका हॅशसमोर कधी कधी उत्पादनांची रांग लागते. त्यावरून अमुक प्रोग्रॅम इथे बसवला होता, असं छातीठोक सांगता येत नाही.

[दृश्य: ऑटोप्सीचा पडदा]

ऑटोप्सी या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये यादी घेताना प्रकार 'नोन' (ओळखीच्या) निवडायचा, 'नोटेबल' (लक्ष द्यावं अशा) नव्हे. चुकलं तर अख्खं विंडोजच संशयित ठरतं! मात्र 'नोन' म्हणजे निर्धोक नव्हे. या संग्रहात हॅकिंगची आणि चित्रांत मजकूर लपवायची साधनंही आहेत. फाइल कुठली, एवढंच हॅश सांगतो. ती तिथे का, हे नाही.

स्वतःच्या स्क्रिप्टने जुळणी करणाऱ्यांची गफलत साधी असते. निस्टच्या जुन्या मजकुरी यादीत हॅश कॅपिटल अक्षरांत आहेत, लिनक्सची 'एसएचए१सम' कमांड स्मॉलमध्ये देते. मजकूर म्हणून ताडून पाहिलं की एकही जुळत नाही. 'डी४१डी८सीडी९'ने सुरू होणारा एमडी५ शेकडो ठिकाणी दिसला, तर घाबरू नका. तो रिकाम्या फाइलचा आहे.

एमडी५ मोडला, म्हणजे सुरक्षित राहिला नाही, मग हे चालतं कसं? एकच हॅश देणाऱ्या दोन फाइली मुद्दाम घडवता येतात. एसएचए-१साठीही २०१७ मध्ये ते करून दाखवलं गेलं. पण आधीच यादीत असलेल्या फाइलशी जुळणारी दुसरी घडवणं वेगळं, आणि ते आजही आवाक्याबाहेर आहे. तरी नव्या कामाला एसएचए-२५६ घ्या. नव्या यादीत तो असतो.

यादी दर तिमाहीला निघते. त्यामुळे गेल्या आठवड्याच्या अपडेटमधल्या फाइली तिच्यात नसतात. त्यांची डिजिटल सही तपासावी लागते.