बारा फ्रेमची टेकडी

(काळोख. पायाखाली खडी वाजते. टॉर्चचा एक झोत पुढे पुढे सरकतो.)

फाल्गुन महिना. पहाटेचे पावणेसहा. लॉ कॉलेजच्या मागच्या वाटेने काका वेताळ टेकडी चढताहेत. वय एकाहत्तर. खांद्यावर ट्रायपॉड, पाठीवर सॅक. कॅमेरा सॅकच्या तळाशी आहे, जुन्या लोकरी मफलरीत गुंडाळलेला.

आम्ही तिघं त्यांच्या मागे धापा टाकतोय. काका मध्येच थांबतात, मागे वळतात.

“बाळा, टॉर्च खाली धर. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे.”

(माथा. पूर्वेला फिकट उजेड. मफलर उलगडते.)

हा याशिका मॅट 124 जी. जपानी बनावटीचा. हे मॉडेल 1970 साली आलं आणि 1986 पर्यंत निघत राहिलं. काकांच्या वडिलांचा एक चुलत भाऊ मस्कतला नोकरीला होता, त्याने येताना आणला. समोर एकावर एक दोन डोळे. वरच्या डोळ्यातून फक्त बघायचं, फोटो उमटतो तो खालच्यातून. वरचं झाकण उघडलं की चार बाजूंनी पत्र्याच्या भिंती उभ्या राहतात आणि मध्ये दुधी काच दिसते. कॅमेरा पोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि काचेत बघायचं. देवासमोर वाकल्यासारखं दिसतं ते.

काचेत डावीकडचं उजवीकडे दिसतं. सिंहगड काचेत एका कडेला असेल आणि तो मध्ये आणायचा असेल, तर मन सांगतं त्याच्या उलट दिशेला कॅमेरा वळवावा लागतो. काका म्हणतात, हे अंगवळणी पडायला त्यांना एक अख्खा पावसाळा लागला.

आता हे जवळून बघा.

(दोन हात. मागचं दार उघडतं. पिवळट कागद.)

हा 120 चा रोल. हे माप कोडॅकने 1901 साली आणलं आणि आजही तेच माप चालतं. प्लॅस्टिकची डबी नाही, दातेरी कडा नाहीत. फिल्मच्या पाठीला लांबच लांब कागद आहे, आणि त्या कागदावर उजेड अडवायची सगळी जबाबदारी. काका अंगठ्याने कागद ताणून धरतात, टोक वरच्या रिकाम्या स्पूलच्या फटीत सारतात आणि हँडल हळूहळू फिरवतात. कागदावर एक आडवा बाण येतो. कॅमेऱ्याच्या आत दोन्ही कडांना खुणा आहेत, बाण त्या खुणांशी जुळला की दार बंद. मग हँडल आपोआप अडेपर्यंत फिरवायचं.

(कट्‌. हँडल अडतं. बाजूच्या खिडकीत आकडा: 1.)

आणखी अकरा आहेत. मग रोल संपला.

सहा बाय सहा सेंटिमीटरच्या बारा चौकोनी फ्रेम. आमच्या कॅमेऱ्यातल्या कार्डावर या वेळेपर्यंत दोनशे क्लिप जमल्या होत्या.

(खाली शहर. दिवे विझत जातात. झाडीतून लॉ कॉलेज रस्ता.)

फिल्म या टेकडीच्या पायथ्याला नवीन नाही. प्रभात फिल्म कंपनी 1933 साली कोल्हापूरहून पुण्यात आली आणि याच टेकडीच्या कुशीत तिचा स्टुडिओ उभा राहिला. 1960 साली त्याच जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं, तेही इथंच, लॉ कॉलेज रस्त्याला. म्हणजे टेकडीवर जो माणूस सकाळी फिरायला येतो, त्याच्या पायाखाली, उतारावर, मैलोन्‌मैल फिल्म थंड खोल्यांमध्ये गुंडाळून ठेवलेली आहे. कितीजण रोज इथून खाली बघत असतील. हे मनात ठेवून एकदा बघावं.

आणि फिल्म आपल्या देशातही बनायची. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना 1960 साली स्थापन झाला. ‘इंदू’ नावाने तिथले रोल आणि एक्स-रे फिल्म देशभर जात. काकांच्या वडिलांच्या पाकिटांवर निळ्या शाईत ‘इंदू’ लिहिलेलं आम्ही पाहिलं. तो कारखाना बंद पडला. आज काकांच्या कॅमेऱ्यात आहे तो इल्फर्डचा कृष्णधवल रोल, एचपी फाइव्ह, इंग्लंडहून येणारा. महाग पडतो.

(सूर्य. पर्वतीच्या बाजूला केशरी पट्टा.)

काकांनी अजून एकही फोटो काढलेला नाही.

ते कातळावर बसलेत. थर्मासमधला चहा आम्हाला वाटून झाला. सूर्य वर आला, लालसर गोळा पिवळा झाला, तरी काकांचा हात केबल रिलीजकडे, म्हणजे शटर दाबायच्या तारेकडे, गेला नाही. आमचा कॅमेरामन कुजबुजला, “काका, गोल्डन लाइट चाललाय.” काका हसले. “रंग तुझ्या कॅमेऱ्यात येणारेय. माझ्यात सावल्या येतात. सावल्या ठळक होऊ दे, मग बघू.”

(उजेडाची तिरीप गवतावर. प्रत्येक दगडाला सावली.)

वेताळ टेकडीचा हा कातळ बेसाल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. भर दुपारी तो नुसता काळा ढिगारा दिसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात मात्र त्याच्या अंगावरचे खळगे, भेगा, दगडफुलांचे गोल डाग एकेक करून वर येतात. पहिली फ्रेम त्या दगडफुलांची. दुसरी, सुकलेल्या गवतातून गेलेल्या पायवाटेची.

काका प्रकाश मोजत नाहीत. म्हणजे यंत्राने मोजत नाहीत. या कॅमेऱ्यात मीटर आहे, पण तो पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचा आणि त्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत. काका सोळाचा नियम वापरतात. चढलेलं, लख्ख ऊन असेल तर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, सोळावर ठेवायचं आणि शटरचा वेग फिल्मच्या आकड्याइतका. चारशेची फिल्म, म्हणजे त्याला सगळ्यात जवळचा, सेकंदाचा पाचशेवा भाग. ऊन कोवळं असेल, ढगाआड असेल, सावलीत असेल, तसतसं एकेक पायरी, म्हणजे दरवेळी दुप्पट उजेड येईल इतकं, उघडत जायचं. ते तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. पाढे म्हटल्यासारखं.

(नैर्ऋत्येला डोंगररांगा. निळसर धुरकट. मग काकांच्या हातात नारिंगी काच.)

आता सिंहगड. उघड्या डोळ्यांना तो दिसतोय न दिसतोय असा. फाल्गुनातली ही धूसर हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, म्हणून लांबचे डोंगर निळे आणि फिके होतात. काका लेन्सवर नारिंगी फिल्टर चढवतात. नारिंगी काच निळ्याला अडवते. कृष्णधवल फिल्मवर त्यामुळे आभाळ गडद उतरतं, धूसरपणा कमी होतो आणि मागची रांग पुढे येते. त्याची किंमत दोन पायऱ्यांची. पाचशेव्या भागाचा सव्वाशेवा भाग करायचा. ट्रायपॉड त्यासाठी.

“थांब जरा. तो ढग गडाच्या डोक्यावर येऊ दे.”

ढग यायला चाळीस मिनिटं लागली. ती आम्ही सगळी शूट केली आहेत, तुम्हाला त्यातली एवढीच दाखवतो.

(काका. स्थिर. मागून ढग सरकतो. निवेदन नाही. वारा, लांबून मोराचा आवाज.)

(हलकासा ‘टिक्‌’.)

झालं. याच्या शटरचा आवाज एवढाच. आतली पाती लेन्समध्येच उघडमीट करतात, आरसा आपटत नाही. शेजारी बसलेला पक्षीसुद्धा उडत नाही. तिसरी फ्रेम.

(गिरिपुष्पाच्या गुलाबी फांद्या. पुढे एकटा पळस, निष्पर्ण, पेटलेला.)

टेकडीवर वनखात्याने लावलेलं गिरिपुष्प सध्या गुलाबी-पांढरं फुललंय. काका त्याच्याकडे वळून बघत नाहीत. त्यांना हवाय तो पळस.

पळसाचं फूल जवळून पाहिलंय? पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली पाकळी, शेंदरी. तिला धरून ठेवणारा देठाकडचा पेला काळपट तपकिरी, मखमली. बोट फिरवलं तर बोटाला लव जाणवते. आता हे शेंदरी फूल कृष्णधवल फिल्मवर कसं येईल? साध्या काचेतून ते मधल्या करड्या रंगात उतरतं, आभाळाच्या करड्यात मिसळून जातं. पण लेन्सवर तोच नारिंगी फिल्टर असेल, तर नारिंगी काच शेंदरीला वाट देते आणि निळ्याला अडवते. फूल पांढरं, आभाळ काळपट. आग जणू चांदण्यात पेटलेली.

एक अडचण आहे. बघायचा डोळा वर, फोटो काढायचा खाली. लांबच्या डोंगराला फरक पडत नाही, पण फूल मीटरभरावर आलं की काचेत एक दिसतं आणि फिल्मवर दुसरंच येतं, फुलाचं टोक उडतं. म्हणून काका काचेत बघून चौकट ठरवतात आणि मग ट्रायपॉडचा दांडा चारेक सेंटिमीटर वर उचलतात. दोन डोळ्यांमधलं अंतर तेवढंच. खालचा डोळा आता जिथे वरचा होता तिथे आला.

(दांड्याचा स्क्रू. अंगठा. चार सेंटिमीटर.)

पाच फ्रेम पळसावर गेल्या. कंजूष माणूस एका झाडावर पाच फ्रेम खर्चतो, तेव्हा झाड बघण्यासारखं असतं हे आम्हाला कळलं.

(एक मुलगी गुडघ्यावर, गवतात. कॅमेरा डिजिटल, लेन्स जुनी.)

रविवारी काकांबरोबर ही मंडळीही असतात. हिच्या नव्या कॅमेऱ्याला अडॅप्टर लावून बसवलीय हेलिओस 44-2, सोव्हिएत काळातली. मूळ आराखडा जर्मनीतल्या कार्ल झाइसच्या बायोटारचा. लेन्स पूर्ण उघडी ठेवली, म्हणजे ॲपर्चर दोनवर, आणि मागे उन्हाने भरलेली पानं असली, की कडेचे उजेडाचे ठिपके दबून लांबट होतात आणि मधल्या विषयाभोवती गोल फिरल्यासारखे दिसतात. आजच्या लेन्स बनवणारे हाच दोष काढून टाकायला धडपडतात. बघा, कुसळाचं एक तूस मध्ये, आणि टेकडी त्याच्याभोवती भोवरा झालेली.

ही लेन्स तिला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळाली, बुधवारी, गंजलेल्या नळांच्या तोट्यांशेजारी. माझ्या घरीही एक आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता, बडोद्यात बनलेला. माझ्या मुंजीचे फोटो त्यातले. घर रंगवताना तो मोडीत गेला, पितळेच्या भांड्यांबरोबर. मी तेव्हा घरात होतो आणि मी काही बोललो नाही.

(स्टीलचा डबा. आत लेन्स, निळे खडे.)

पावसाळ्यात या काचांचा मोठा शत्रू बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखी आत पसरते आणि काचेवरचा थर खाते. काकांचा इलाज स्वयंपाकघरातला. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. खडे ओल पिऊन गुलाबी झाले की जाड तव्यावर मंद आचेवर भाजायचे, पुन्हा निळे होतात. काकू म्हणतात, तो तवा वेगळा ठेवलाय.

(सदाशिव पेठ. बाथरूम. बादली, बर्फ, थर्मामीटर.)

त्याच दिवशी, दुपार. रोल धुवायचा.

डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, डी-76. कोडॅकचं 1927 सालचं सूत्र, अजून चालतं. त्याला 20 अंश तापमान लागतं आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी फाल्गुनात हाताला कोमट लागतं. पाणी गरम असेल तर फिल्म इतक्या झटपट धुतली जाते की सगळीकडे सारखी उतरत नाही. म्हणून बादलीत बर्फ, बर्फात बाटल्या. पारा उतरायला वीस मिनिटं. तोवर काका काळ्या पिशवीच्या बाह्यांत दोन्ही हात घालतात आणि न बघता फिल्म कागदापासून सोडवून रिळात चढवतात आणि रीळ टँकमध्ये बंद करतात.

(काकांचा चेहरा. डोळे मिटलेले. हात पिशवीत.)

साडेसात मिनिटं डेव्हलपर. दर मिनिटाला दहा सेकंद टँक उलटा-सुलटा. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काका उभे. मग डेव्हलपरचं काम थांबवणारा स्टॉप बाथ, मग चित्र पक्कं करणारा हायपो. वापरलेल्या हायपोत फिल्ममधली चांदी उतरते, ती गटारात जाऊ नये म्हणून काका तो कॅनमध्ये साठवतात. कॅन भरत आलाय. शेवटी धुणं, पण नळ सोडून ठेवायचा नाही. टँक भरायचा, पाच वेळा उलटवायचा, ओतायचा. पुन्हा भरून दहा वेळा. पुन्हा भरून वीस. तीन टँक पाण्यात काम होतं.

(फिल्म दोरीवर. खाली कपड्यांचा चिमटा. थेंब.)

बारा चौकोन. पळस काळा आहे, कारण हे निगेटिव्ह आहे. आभाळ पारदर्शक. सिंहगडाचा कडा केसासारख्या बारीक रेघेत.

बारावी फ्रेम आम्ही अजून सांगितली नाही. ती राखीव असते. दर फाल्गुनात एक, टेकडीच्या दक्षिणेच्या कातळावरून, कोथरूडच्या दिशेने, ट्रायपॉडचे पाय त्याच तीन खळग्यांत. वडिलांनी याच कॅमेऱ्यातून, याच जागेवरून काढलेला एक फोटो काकांकडे आहे. त्यात समोर शेतं आहेत, बांधावरची बाभळीची झाडं आहेत आणि कौलांचे काही ठिपके.

ज्या टेकडीच्या अंगावरून बालभारती ते पौड फाटा रस्ता न्यायचा प्रस्ताव आहे, ती हीच. 2023 साली पुणेकर तिच्यासाठी रस्त्यावर उतरले होते.

(टेबल. दिवा. दोन प्रिंट शेजारी शेजारी.)

डावीकडे वडिलांचा. उजवीकडे परवाचा. खालच्या कोपऱ्यातला कातळ दोन्हींत एकच, त्यावरची भेगही तीच. काका भिंग उचलतात आणि भेगेपासून वर सुरुवात करतात.

(भिंग सरकतं. निवेदन नाही.)